उचललं की ओरबाडणारं मांजर: तुमच्याकडे काय करता?

तिरफळ (धागाकर्ती):
आमची चिंगी. देशी, करड्या पट्ट्यांची, वय तीनच्या आसपास. पावसाळ्यात पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडली तेव्हा तीन महिन्यांची तरी असेल. म्हणजे दुधपितं पिल्लू नव्हतं, उंडारणारं होतं.

स्वभावाला प्रेमळ आहे. सकाळी ओट्याशी उभी राहिले की पायात घोटाळते, रात्री पायथ्याशी झोपते, टीव्ही बघताना शेजारी येऊन मांडीला मांडी लावून बसते. पण उचललं की संपलं! आधी अंग ताठ, मग मागच्या पायांनी लाथा, मग 'ऊंऽऽ' असा खालच्या पट्टीतला आवाज, आणि तरी नाही सोडलं तर मनगटावर नक्षी. सासूबाई म्हणतात, "कसलं बाई हे मांजर, हातात येत नाही ते!" नवरा म्हणतो, भाडेकरू आहे, भाडं देत नाही एवढंच.

एरवी मी सोडूनही दिलं असतं. पण आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चालली आहे. दिवाळीनंतर भाड्याच्या घरात जायचंय, ठाण्यातल्या ठाण्यातच पण लांब. शिवाय दर वर्षीची लस असतेच. गेल्या वेळी तिला पिंजऱ्यात कोंबताना घरात महाभारत झालं.

तर प्रश्न दोन. अशी मांजरं कधी मांडीवर येतात का? आणि न उचलता यांचं सगळं कसं करता?

खारीबिस्कीट:
आमच्या बोक्याला फक्त आमच्या मोलकरीणबाई उचलतात. आम्ही दूध, मासे, डॉक्टर, सगळा खर्च करतो आणि तो त्यांच्या खांद्यावर बसून आमच्याकडे बघतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

वाळवण:
@तिरफळ, तीन महिन्यांची होती म्हणालात, त्यातच अर्धं उत्तर आलं. पिल्लाचं साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातलं वय महत्त्वाचं असतं. त्या काळात माणसाच्या हाताची, वासाची, उचलण्याची सवय झाली तर जन्मभर टिकते. त्यानंतरही मांजर माणसाळतं, पण स्वतःच्या अटींवर. आमच्या गल्लीतल्या मांजरांना आम्ही काही जण मिळून खाऊ घालतो, नसबंदी करून आणतो. त्यात हे नेहमी दिसतं. महिन्याभराचं पिल्लू घरी नेलं तर गळ्यात पडतं. चार महिन्यांचं नेलं तर सोबत राहतं, पण कडेवर येत नाही.

दुसरं म्हणजे मांजर शिकारी आहे हे आपल्याला माहीत असतं, पण इतक्या लहान अंगाचा प्राणी इतरांची शिकारही असतो. कुत्रा, कोल्हा, घुबड. वरून काहीतरी येतं, धरतं आणि पाय जमिनीवरून सुटतात, याचा अर्थ त्याच्या लेखी एकच होतो. तुम्ही लाडाने वाकलात हे तुम्हाला माहीत, तिला नाही.

घाटमाथा:
मला हे पटत नाही. सगळं सवयीवर असतं. आम्ही आमच्या मनीला रोज उचलायचो, ती ओरडो नाहीतर चावो. आता गप्प राहते. तुम्ही सोडून देता म्हणून तिला कळतं की नखं काढली की सुटका होते. आणि उचलणं इतकं भयंकर असतं तर मांजरी स्वतः पिल्लांना मानगुटीला धरून कशी नेते? "मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत" म्हणतात ते उगाच नाही.

निशाचर:
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

सुईदोरा:
प्राण्यांचा दवाखाना चालवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

@घाटमाथा, म्हण अगदी खरी आहे, पण ती मांजरीबद्दल आहे. पिल्लू लहान असतं तेव्हा मानगूट धरल्यावर ते आपसूक अंग आखडून घेतं, मागचे पाय पोटाशी घेतं, म्हणजे आईला नेणं सोपं. वाढलेल्या मांजरात हे तसं राहत नाही. चार किलोचं धूड मानगुटीवर लोंबकळलं तर ते शांत होत नाही, घाबरून थिजतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय मांजर-डॉक्टरांच्या संघटनांनी २०२२ साली मिळून दवाखान्यांसाठी सूचना काढल्या, त्यातही मानगूट धरायला नको असंच म्हटलं आहे. मी शिकत होतो तेव्हा सर्रास धरायचे.

तुमची मनी 'गप्प राहते' म्हणता. राहत असेल बापडी. पुढच्या वेळी उचलाल तेव्हा कानांकडे बघा. आडवे, मागे वळलेले आहेत? शेपटी पोटाशी आहे की टोकाला फडफडते? बाहुल्या मोठ्या झाल्यात? ओठ किंवा नाक चाटते? तसं असेल तर तिला सवय झालेली नाही, तिने नाद सोडला आहे.

आणि धागाकर्तीला एक महत्त्वाचा प्रश्न: ही पहिल्यापासून अशीच आहे ना? कारण आधी खुशाल उचलू देणारं मांजर एकाएकी नको म्हणायला लागलं तर तो स्वभाव नसतो, दुखणं असतं. सांधे, दात, मूत्रमार्ग, भांडणात चावा बसून कातडीखाली झालेला गळू. बोक्यांमध्ये गळू फार बघतो. वरून केस असतात, काही दिसत नाही, हात लागला की किंचाळतं.

तिरफळ:
@सुईदोरा, पहिल्यापासून अशीच. पोटावरून हात फिरवला तरी चालत नाही. हनुवटीखाली खाजवलं तर मात्र डोळे मिटून घरघर सुरू.

पाणवठा:
सुईदोरांच्या शेवटच्या परिच्छेदाला दुजोरा. आमचा बोकोबा म्हातारा, बारा पार केलेला. जन्मभर कोणीही उचला, मुलींनी बाहुलीचे कपडे घाला, हूं की चूं नाही. मग एका हिवाळ्यात कंबरेला हात लावला की फिस्कारायला लागला. आम्हाला वाटलं, वयानुसार खाष्ट झाला, माणसंही होतात. पण माझ्या धाकटीच्या लक्षात आलं की तो खिडकीत उडी मारत नाही. आधी खुर्ची, मग टेबल, मग खिडकी असं करतो आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करतो. एक्स-रे काढला तर मागच्या दोन्ही पायांचे खुबे झिजलेले. डॉक्टर म्हणाले, या वयात बहुतेक मांजरांच्या सांध्यांत काही ना काही निघतंच, मांजर लंगडत नाही म्हणून घरच्यांना कळत नाही.

आता औषध चालू आहे, खिडकीपाशी दोन पाट एकावर एक ठेवून पायरी केली आहे, आणि त्याला कोणी उचलत नाही. फिस्कारणं बंद.

सुईदोरा:
पाणवठा, छान केलंत. यानिमित्ताने सगळ्यांना हात जोडून सांगतो: मांजर दुखतंय वाटलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही. माणसाचं लिव्हर त्या औषधाचा निचरा करून टाकतं, मांजराच्या लिव्हरला ते जमत नाही. रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड-पाय सुजतात आणि मांजर जातं. एक गोळी पुरते. डोलोवाली केस दर पावसाळ्यात एक तरी येते.

आजोळ:
आमच्याकडे राजापूरला मांजर उचलायची पद्धतच नव्हती. ते भाताच्या कणगीपाशी उंदरांसाठी असायचं, पडवीत झोपायचं, आजी मासळी साफ करायला बसली की समोर येऊन बसायचं. आजीचा आणि तिचा वीस वर्षांचा संसार असावा असा त्यांचा संवाद चालायचा, पण आजीने तिला कडेवर घेतलेलं मी पाहिलं नाही. हात लावायचा तो फक्त धाड धाड पाठीवर, गाईला थोपटतात तसा.

मांजरी व्याली की सात घरं पिल्लं फिरवते म्हणत, ते बघायला आम्ही पोरं मागे मागे फिरायचो. आमची कोठीतून माळ्यावर, माळ्यावरून लाकडाच्या खोपीत, तिथून शेजाऱ्यांच्या गोठ्यात. पिल्लांना आम्ही हात लावला की दुसऱ्या दिवशी घर बदललेलं. सात झाली का ते मोजायला कधी जमलं नाही.

आणि @तिरफळ, घर बदलणार आहात म्हणून सांगते. चोऱ्या करणारा बोका असला की त्याला पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडायचे. सोडणारा होडीतून घरी येऊन जेवून उठेपर्यंत नाही, पण आठवड्याभरात बोका चुलीपाशी हजर! जुनी जागा ही जनावरं सोडत नाहीत. नव्या घरी पहिल्यांदा दार उघडं टाकू नका.

खारीबिस्कीट:
खाडी पोहून? हसून हसून पुरेवाट. आमच्याला बाथरूमचा ओला फरशीचा तुकडा ओलांडवत नाही.

आजोळ:
पुलावरून आला असेल हो.

रिकामटेकडा:
एवढं सगळं करण्यापेक्षा रॅगडॉल घ्यायचं ना. उचललं की चिंधीच्या बाहुलीसारखं अंग सोडून देतं, नावच त्यावरून. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात ही जात तयार केली. माझ्या मित्राकडे आहे, गळ्यात मफलरसारखं घालून फिरतो.

वाळवण:
हो, आणि चिंगीला काय एक्सचेंज ऑफरमध्ये द्यायचं? (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.) शिवाय प्रत्येक रॅगडॉल तसं असतंच असं नाही. आणि त्या केसाळ जातींना मुंबईच्या मे महिन्यात काय होतं ते मित्राला विचारा. आमच्या रस्त्यावर 'हौस फिटली' म्हणून सोडून दिलेल्या दोन पर्शियन आहेत. केसांच्या जटा झालेल्या, एकीचा डोळा सतत गळतो. देशी मांजर उचलू देत नसेल, पण टिकतं.

रिकामटेकडा:
गंमत केली हो. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

पारिजात:
आमच्याकडे मांजर आणि सहा वर्षांचा मुलगा दोन्ही आहेत. मुलगा काखेत हात घालून उचलायचा, मांजराचं सगळं धड खाली लोंबतंय, मागचे पाय हवेत. व्हायचं तेच झालं, गालावर ओरखडा. साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुतलं आणि सरळ डॉक्टरकडे गेलो, घरातलं लस दिलेलं मांजर असलं तरी. सासरी हळद भरा म्हणत होते, भरू दिली नाही.

तेव्हापासून घरात नियम: मांजर मांडीवर हवं असेल तर आपण जमिनीवर बसायचं आणि वाट बघायची. उभं राहून मांजर मागायचं नाही. मुलाला हे फार अवघड गेलं. पण मग तो खाली बसून चित्रं रंगवायला लागला आणि ती कागदावरच येऊन बसायला लागली. आता तक्रार उलट आहे, "आई, हिला उठव, मला हिरवा रंग द्यायचाय."

सुईदोरा:
पारिजात, हळद न भरल्याबद्दल आभार. मांजराचा चावा बाहेरून टाचणीएवढा दिसतो, दात मात्र खोल जातो आणि आत जंतू सोडतो. हाताच्या सांध्यावर असेल तर दुसऱ्या दिवशी हात सुजतो. तो 'बारीकसा' म्हणून घरी काढू नका.

तिखटमीठ:
सगळ्यांनी मांजराचा एवढा विचार केला तेवढा सुनांचा केला असता तर.

खारीबिस्कीट:
सुनेला उचलायची पद्धत गृहप्रवेशात असते म्हणे. आमच्या हिंदी मालिकांत बघितलंय.

निशाचर:
आवरा!

टेकडीवरून:
इकडे इंग्लंडमध्ये माझ्या शेजारणीचं मांजर असंच, तिच्याकडूनच शिकले. लांबून त्याच्याकडे बघायचं, टक लावून नाही, आणि डोळे हळूच अर्धे मिटायचे, मग पूर्ण, मग उघडायचे. मांजर पण तसंच करतं. मला आधी खुळचटपणा वाटला, पण ससेक्स विद्यापीठात यावर अभ्यास झाला आहे, २०२० मध्ये छापून आला. असं केल्यावर मांजरं उलट डोळे मिटतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळही जास्त येतात.

दुसरी युक्ती: तीन-चार सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. तिने डोकं पुढे केलं तर पुढे चालू, नाही केलं तर गप्प बसायचं. गाल, कानाच्या बुडाशी, हनुवटी. पोट आणि शेपटीचं मूळ सोडून द्यायचं. बोलावणं तिच्याकडून यायला हवं.

घाटमाथा:
लग्नाआधी आम्हाला हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बरं, सुईदोरा, काल मनीचे कान बघितले. आडवे होते. बघतो.

वाळवण:
_/\_

तिरफळ:
सगळ्यांचे आभार. चर्चा छान चालली आहे पण माझं पिंजऱ्याचं घोडं अडलेलंच आहे हो! आमच्याकडे पुढून जाळीचं दार असलेला प्लास्टिकचा पिंजरा आहे. लसीच्या दिवशी माळ्यावरून काढतो. काढताना त्याचा खडखडाट झाला की चिंगी दिवाणाखाली भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे माझा हात पोचत नाही आणि झाडू पोचतो पण ती झाडूला मारते.

वाळवण:
तिच्या जागी मी असतो तरी दिवाणाखाली गेलो असतो! वर्षातून एकदा माळ्यावरून जे उतरतं आणि ज्यातून गेलं की सुई टोचतात, त्यात कोण शहाणं जाईल?

असं करा. पिंजरा आजच उतरवा आणि परत माळ्यावर ठेवूच नका. बहुतेक प्लास्टिकच्या पिंजऱ्यांना कडेने खिट्या किंवा स्क्रू असतात, ते काढले की वरचं झाकण सुटतं. फक्त खालचं भांडं ती झोपते त्या खोलीत ठेवा. आत तुमची जुनी वापरलेली सुती साडी किंवा गाऊन, न धुतलेला, घडी करून. धुतलेल्याला तुमचा वास राहत नाही. मग तिकडे दुर्लक्ष करा. 'ये ये चिंगी' वगैरे अजिबात नाही.

दिवसातलं एक खाणं त्याच्या शेजारी, मग काठावर, मग आत. उकडलेल्या चिकनचा बोटभर तुकडा, मीठ-मसाला नसलेला, तो फक्त तिथेच मिळेल, दुसरीकडे कुठे नाही. ती आत झोपायला लागली की झाकण बसवा, दार काढून. ते चाललं की दार लावा, उघडंच ठेवा. मग क्षणभर बंद करून उघडा. मग उचलून खोलीतल्या खोलीत चार पावलं. एखाद्या पायरीला अडली तर एक पायरी मागे या. दिवाळीनंतर जायचंय तर वेळ भरपूर आहे.

आणि दार बंद करताना आत तुकडा टाका, ती आधी खाईल आणि मग बघेल.

सुईदोरा:
वाळवणांनी माझं काम केलं. थोडी भर घालतो.

झाकण सुटणारा पिंजरा असला की दवाखान्यात बाहेर ओढावं लागत नाही. वरचं झाकण काढायचं आणि ती खालच्या भांड्यात बसलेली असतानाच तपासायचं, लस पण तशीच. येताना पिंजऱ्यावर टॉवेल टाका, कुत्री दिसली नाही तर अर्धी भीती कमी. रिक्षात मांडीवर नको, पायापाशी घट्ट धरा.

फारच घाबरट असेल तर जाण्याच्या दोन-तीन तास आधी द्यायचं औषध असतं, तुमच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा. डोस वजनावर असतो, शेजारणीच्या मांजराचा चालणार नाही.

आणि कधी उचलावंच लागलं, आग लागली, पाणी शिरलं, तर: समोरून झडप नको, बाजूने जा. एक हात पुढच्या पायांच्या मागे छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, म्हणजे चारही पायांचं वजन पेललं जातं. आपल्या छातीशी टेकवून, तोंड बाहेरच्या बाजूला. तिने धडपड सुरू केली तर आवळू नका, खाली वाकून जमिनीवर सोडा. वरून टाकू नका. किंवा मोठा टॉवेल अंगावर टाकून त्याच्यासकट गुंडाळा, आणीबाणीत हेच सोपं.

चतकोर:
आमच्याकडे शाकाहारी स्वयंपाक. चिकनच्या ऐवजी पनीर चालेल का? आमचं मांजर दूध-चपाती, दहीभात खातं, कधी तक्रार नाही.

वाळवण:
तक्रार तुमच्याकडे करत नसेल, शेजारच्या कोळीणबाईंकडे करत असेल. मांजर शुद्ध मांसाहारी आहे, टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळतो, कमी पडला तर डोळे आणि हृदय जातं. निदान पाकिटातलं मांजरांचं खाणं द्या, घरात शिजवावं लागत नाही. आणि वाढलेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

चतकोर:
अरे देवा. पाकिटातलं आणते. सासूबाईंना 'बिस्किटं' सांगते.

तिरफळ:
अपडेट द्यायला आले. झाकण काढून भांडं दिवाणाशेजारी ठेवलं, माझा जुना गाऊन आत. पहिले काही दिवस लांबूनच वळसा. मग एका दुपारी बघते तर फक्त पुढचे दोन पाय आत, मागचे बाहेर, मान लांब करून चिकन ओढते आहे. आता आत बसते, अंगाचं वेटोळं करून. झाकण बसवलं तर बाहेर आली, म्हणून परत काढलं. तिथे अडलंय.

सासूबाई परवा म्हणाल्या, "त्या घमेल्यात बसते, तेवढं माझ्या मांडीवर बसली असती."

वाळवण:
उत्तम चाललंय. झाकण एकदम बसवू नका. आधी भांड्यावर एक हलका टॉवेल कमानीसारखा टाका, दोन्ही बाजू उघड्या. छप्पर आहे हे तिला आधी तसं कळू दे.

सामानाच्या दिवशी तिला सकाळीच रिकाम्या खोलीत पिंजरा-पाणी-मातीच्या ट्रेसकट बंद करा आणि दारावर कागद चिकटवा, 'मांजर आहे, उघडू नका', नाहीतर पॅकर्स उघडतात. तिला सगळ्यात शेवटी न्यायचं. नव्या घरात आधी एकच खोली, जुना गाऊन, जुनी माती थोडी मिसळून. ती खाऊ-पिऊ लागली की बाकीचं घर. बाहेर सोडायची सवय असेल तर किमान दोन-तीन आठवडे नाही, आजोळताईंचा बोका आठवा.

पारिजात:
आणि खिडक्यांना जाळी! नवं घर कितव्या मजल्यावर आहे?

तिरफळ:
सातव्या. जाळीचं घरमालकांना विचारलं, ते म्हणाले "मांजर पडत नाही हो, मांजर आहे ते."

सुईदोरा:
पडतं. जबडा आणि पुढचे पाय मोडून माझ्याकडे येतं. जाळी राहायला जायच्या आधी लावा, कबुतरांची म्हणून सांगा.

खारीबिस्कीट:
कबुतरांची हे ब्रह्मास्त्र आहे, सोसायटीत कोणी नाही म्हणत नाही. आमच्याकडे त्याच नावाखाली बसवली. तिरफळ, जाळीवाल्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का? ठाण्यातलाच आहे, वेळेवर येत नाही पण येतो.

तिरफळ:
करा करा. आणि तुमच्या मोलकरीणबाईंचा पण.